रक्ताची साक्ष : श्वानांच्या बुरशीरोगाच्या परीक्षेचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले. ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले त्याने बोनसवर बोलावे, हजेरीपटावर बोलावे, किमान वेतनावर बोलावे. कुत्र्याच्या रक्तावर त्याने काय बोलावे? शंका रास्त आहे. आम्ही पशुवैद्य नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, एस्टीच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. पण त्या व्हरांड्यात एक गोष्ट चांगली शिकता येते, ती म्हणजे साक्षीपुराव्याची पारख. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोणता, ऐकीव माहितीचा कोणता, मुद्देमाल कशास म्हणावे आणि संशयाचा फायदा कोणास मिळतो, हे तेथे रोज पाहावयास मिळते. रक्ताची परीक्षा म्हणजे तरी दुसरे काय आहे? तीही साक्षच. तेव्हा ती साक्ष घेण्याची विद्या कशी घडत गेली, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

या विषयाकडे आम्ही पुस्तकामुळे वळलो नाही, एका कुत्र्यामुळे वळलो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका जिनिंग कारखान्यात हंगामी पहारेकरी म्हणून एक माणूस होता. तो मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरचा. त्याच्याबरोबर त्याचा कुत्रा असे. लांब नाक, पातळ पोट, उंच पाय. लमाणांच्या बैलांच्या तांड्यांबरोबर मुलूख तुडवीत आलेल्या कुत्र्यांच्या जातीचा. नाव वाघ्या. हंगामाच्या मध्यास वाघ्याच्या उजव्या नाकपुडीतून पाणी वाहू लागले, मग शेंबूड, मग रक्त. नाकपुडीची काळी कातडी पांढरी पडत चालली. कोणी म्हणाले, नाल्यावर पाणी पिताना जळू शिरली. कोणी म्हणाले, कोणीतरी काठी घातली. एके ठिकाणी तीन महिने सुया टोचून झाल्या. रक्त थांबे आणि पुन्हा सुरू होई.

त्या सुमारास अकोल्यास आमची एक तारीख होती. साक्षीदार म्हणून पहारेकरी यावयाचा होता. वाघ्यास सोडून येईना, म्हणून त्यासही गाडीत घेतले. तेथील एका डॉक्टरांनी नाक पाहिले, पहारेकऱ्यास चार प्रश्न विचारले आणि बुरशीचा संशय बोलून दाखविला. रक्त काढून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठविले. ती प्रयोगशाळा माणसांच्या रक्ताची. पण परीक्षा तीच चालते असे ते म्हणाले. पहारेकऱ्याची आठवड्याची मजुरी त्यात गेली. निकाल आला, 'नाही.' आम्ही म्हटले, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "रक्त नाही म्हणते, पण माझा त्यावर भरवसा नाही." त्यांनी वाघ्यास गुंगी देऊन नाकात दुर्बीण घातली. आत शिळ्या भाकरीवर चढावी तशी पांढरी-हिरवट बुरशी थराथराने बसली होती.

मग रक्त खोटे बोलले काय? हा प्रश्न आमच्या डोक्यात बसला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही मागे मागे जात थेट दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईस पोहोचलो.

वैद्यकाचा विद्यार्थी कोणीही असो, त्यास ग्रे यांच्या शरीररचनेच्या पुस्तकाचे नाव ठाऊक असते. ते १८५८ साली लंडनला निघाले. त्यातील चित्रे ज्यांनी काढली ते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच साली मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पुढे काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. त्यांच्यापुढे येणाऱ्या रोग्यांत शेतावर अनवाणी राबणारे पुष्कळ असत. पायात काटा मोडावा, जखम भरून यावी, आणि महिन्यांनी नव्हे तर वर्षांनी पाय सुजून त्यास भोके पडावीत व भोकांतून काळे अगर पांढरे कण बाहेर पडावेत, असा तो रोग. मदुराईकडे तो प्रथम नोंदला गेला म्हणून त्यास मदुरा-पाय म्हणत. कार्टर यांनी ते कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि सांगितले की ही बुरशी आहे. रोगास मायसेटोमा हे नाव त्यांनी दिले आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. मातीतली बुरशी काट्याच्या वाटेने मजुराच्या अंगात शिरते आणि त्यास लंगडा करते, हे इतके स्पष्टपणे मांडणारा हा पहिल्यांपैकी एक माणूस. आणि त्याने ते पाहिले आपल्या मुलखातल्या पायांवर.

पण येथेच एक फसगत झाली, आणि आमच्या विषयाचे मूळ त्या फसगतीत आहे. रोग्याच्या पायाचे जे नमुने कार्टर यांनी जपून ठेवले होते त्यांवर एक गुलाबी बुरशी उगवली. हीच रोगाचे कारण असे त्यांस वाटले. विलायतेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बर्कली यांनी त्या बुरशीस कार्टर यांचे नावही दिले. पुढे ध्यानात आले की गुलाबी बुरशीचा रोगाशी काही संबंध नाही. ती आपली हवेतून येऊन नमुन्यावर बसली होती. मूळ विचार मात्र पडला नाही. काळे कण बुरशीचेच ठरले, आणि पांढऱ्या-पिवळ्या कणांपैकी काही एका जातीच्या जंतूंचे ठरले. बुरशी ही अशी सर्वत्र असते. कडब्याच्या गंजीत आहे, सरकीच्या ढिगात आहे, भिंतीच्या ओलीत आहे. निरोगी कुत्र्याच्या नाकातून कापसाचा बोळा फिरवला तरी त्यावर बुरशी उगवू शकते. घटनास्थळी सापडला एवढ्यावरून गुन्हेगार ठरवावे, तर बाजाराच्या दिवशी अवघा मानोरा गुन्हेगार ठरेल! बुरशी सापडणे आणि बुरशीने रोग होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. म्हणून आणखी एका साक्षीची गरज पडली, ती शरीराच्या स्वतःच्या साक्षीची. 'ही बुरशी येथे आहे काय' एवढेच न विचारता 'या शरीराचे हिच्याशी भांडण झाले आहे काय' असे विचारावयाचे. हा दुसरा प्रश्न रक्तास विचारता येतो.

रक्तास प्रश्न विचारण्याचा धडाही कार्टर यांच्याच हातून मुंबईत गिरवला गेला. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि दख्खनची उपाशी माणसे मुंबईत लोटली. त्यांच्यात उलटून उलटून येणारा ताप माजला. कार्टर यांनी १८७७ साली त्या दुष्काळग्रस्तांचे रक्त पाहिले. त्यात बारीक मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दिसले. असे जंतू बर्लिनच्या ओबरमायर यांनी १८७३ साली जाहीर केले होते. तेच येथे सापडले. कार्टर यांचा या तापावरील ग्रंथ १८८२ सालचा. दरम्यान १८८० साली वायव्येकडे डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यास सर्रा रोगाने मरणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात तसेच हलणारे जीव दिसले. जनावराचे रक्तही माणसाच्या रक्तासारखीच साक्ष देते, हे त्यामुळे पक्के झाले. मुंबईस परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले. जनावरांच्या रोगांची सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ साली प्रथम उभी राहिली तीही पुण्यास. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. आज आपण जिला भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणतो, ती हीच.

परंतु ही सगळी साक्ष डोळ्यांदेखतची होती. गुन्हेगार रक्तातच फिरत होता. काचेवर थेंब घ्यावा की दिसला. बुरशीचे तसे नसते. ती फुप्फुसात, हाडात, नाकाच्या पोकळीत घर करून बसते आणि रक्ताच्या रस्त्यावर सहसा उतरत नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावे लागते.

हे शेजारी म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे. परका जीव अंगात शिरला की शरीर त्याच्या मापाचे प्रतिकारक द्रव्य घडवते, आणि भांडण मिटल्यावरही ते काही काळ रक्तात राहते. आपणांपैकी ज्यांच्या घरी विषमज्वर येऊन गेला आहे त्यांस 'विडाल' हा शब्द शिकवावा लागणार नाही. फेर्नां विडाल हे पॅरिसचे डॉक्टर. १८९६ साली त्यांनी दाखविले की विषमज्वराच्या रोग्याच्या रक्तातील पिवळसर पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, त्या रोगाचे जंतू घातले असता ते एकमेकांस चिकटून गोळा होतात. येथवर पुष्कळांस माहीत असते. पण त्याच विडाल यांनी आब्रामी या सहकाऱ्यासह १९०८ साली तीच युक्ती एका बुरशीवर चालविली, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. काटा टोचून त्वचेवर ओळीने गाठी उठविणारी ती बुरशी. रोग्याच्या सीरममध्ये तिचे बीजकण चिकटून गोळा झाले. बुरशीरोगासाठी रक्ताची साक्ष घेण्याचा मार्ग अशा रीतीने आपल्या ओळखीच्या 'विडाल'मधूनच फुटला.

दुसरी युक्ती बेल्जियमच्या बोर्दे व झांगू यांची, १९०१ सालची. ती समजावयास थोडी अवघड आहे, पण सभेतल्या मंडळींनी पोलीस पंचनामे ऐकलेले आहेत, तेव्हा अडचण पडणार नाही. रक्तात एक स्फोटक द्रव्य असते. त्यास दारूगोळा म्हणू. प्रतिपिंड आणि जंतू यांची गाठ पडली की हा दारूगोळा खर्ची पडतो. आता रोग्याचे सीरम घ्या, त्यात जंतूचा किंवा बुरशीचा अर्क घाला, मोजून दारूगोळा घाला आणि थोड्या वेळाने मेंढीच्या तांबड्या पेशी, त्या फोडणाऱ्या सीरमसह, त्यात सोडा. पेशी फुटून पाणी लाल झाले तर दारूगोळा शिल्लक होता, म्हणजे आधी लढाई झालीच नाही. पेशी शाबूत राहून तळाशी बसल्या तर दारूगोळा आधीच उडाला, म्हणजे प्रतिपिंड तेथे होते. मेंढीच्या रक्तास पंच नेमून रोग्याच्या रक्ताचा पंचनामा करावयाचा, असा हा प्रकार. बोर्दे यांस १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पंचनाम्याचा बुरशीच्या रोगात मोठा उपयोग झाला तो मजुरांच्या मुलखात. आम्ही मुद्दाम 'मजुरांच्या' म्हणतो. हा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात आले की यातील पानोपानी पहिला रोगी कोणीतरी राबणारा माणूस आहे. १८९२ साली अर्जेंटिनात पोसादास यांनी ज्याच्या अंगावर एक नवी बुरशी पाहिली तो शिपाई होता. १९०५ साली पनामा कालव्यावर डार्लिंग यांनी ज्याच्या शरीरात हिस्टोप्लाझ्मा प्रथम पाहिला तो मार्तिनिक बेटावरून पोटासाठी आलेला कामकरी होता. डार्लिंग यांनी त्या जीवास प्राणिजातीत घातले. ती बुरशी आहे हे डी मॉनब्रन यांनी १९३४ साली सिद्ध केले, आणि १९३९ साली त्यांनीच दाखविले की हा रोग कुत्र्यासही निसर्गतः होतो. मजूर आणि कुत्रा अशी एका ओळीत आले. त्यात नवल नाही. दोघेही जमिनीलगत नाक धरून जगतात.

पोसादास यांची बुरशी कॅलिफोर्नियाच्या सान होआकिन खोऱ्यात धुळीवाटे फुप्फुसात जाते. द्राक्षे आणि कापूस वेचणाऱ्यांत 'खोऱ्याचा ताप' म्हणून ती माहीत होती. तेथे स्टॅनफर्डचे चार्ल्स एडवर्ड स्मिथ यांनी १९३० नंतरच्या दशकापासून रक्ते तपासण्याचा सपाटा लावला. १९५६ साली त्यांनी ३९,५०० परीक्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. रोगाच्या आरंभी एका जातीची प्रतिपिंडे दिसतात व विरतात. दुसऱ्या जातीची मागाहून येतात व टिकतात. आणि दुसऱ्या जातीचे प्रमाण परीक्षेगणिक चढत गेले तर रोग अंगात पसरत आहे असे समजावे. एकदा घेतलेली साक्ष आणि पुन्हा घेतलेली साक्ष यांतील फरक हाच खरा पुरावा, हे स्मिथ यांनी शिकविले. दुसऱ्या महायुद्धात त्या खोऱ्यात विमानतळ झाले तेव्हा स्मिथ यांच्याच सल्ल्याने धावपट्ट्यांभोवती गवत पेरले, रस्त्यांवर तेल ओतून धूळ बसविली, आणि सैनिकांतील लागण पुष्कळ उतरली. बांधकाम मजुरांस या रोगाची माहिती व शिक्षण मालकाने दिलेच पाहिजे, असा कायदा मात्र कॅलिफोर्नियात २०१९ साली झाला. मधल्या वर्षांचा हिशेब आपणच करावा.

त्या मुलखातील कुत्र्यांत हा रोग १९४० साली नोंदला गेला. पुढे तेथे कुत्र्यांचे रक्त तपासणे हे पशुवैद्याचे नेहमीचे काम होऊन बसले. ॲरिझोनात पिल्लांच्या एका गटावर दोन वर्षे लक्ष ठेवले आणि २००५ साली निष्कर्ष छापला : दोन वर्षांचे होईपर्यंत १०० त सुमारे २८ पिल्लांस लागण होते, परंतु आजारी पडतात ती सुमारे ६. म्हणजे रक्त 'होय' म्हणाले तरी रोग आहेच असे नाही. भांडण होऊन मिटलेलेही असू शकते. ही विशिष्ट बुरशी आपल्या मातीत मूळ धरून नाही, हे आपले भाग्य. हिस्टोप्लाझ्माची गोष्ट तशी नाही; तो १९५४ साली कलकत्त्याच्या रोग्यात सापडला आणि १९७५ साली गंगेकाठच्या मातीत.

आता आपण वाघ्याच्या नाकाकडे परत येऊ. त्या बुरशीचे नाव ॲस्परजिलस. मिकेली या इटालियन धर्मोपदेशक वनस्पतिज्ञाने १७२९ साली तिला नाव दिले, कारण तिचा तुरा त्यास देवळात तीर्थ शिंपडण्याच्या दांडीसारखा दिसला. लांब व मध्यम नाकाच्या कुत्र्यांच्या नाकात ती अधिक करून घर करते. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत क्वचित. तिच्यासाठी जी परीक्षा आली तिचे मूळ स्वयंपाकघरात आहे. जंतू वाढविण्यासाठी जर्मनीतील कॉख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरीत. ते उन्हाळ्यात वितळून जाई. हेसे नावाच्या सहकाऱ्याच्या पत्नीने, फॅनी हेसे यांनी, १८८१ साली सुचविले की मुरंब्यासाठी मी आगर वापरते ते घ्या, ते वितळत नाही. हे आगर म्हणजे आपल्या किराणा दुकानातले चायना ग्रास. पुढे १९४८ च्या सुमारास स्वीडनच्या आउख्तरलोनी यांनी याच आगराच्या चकतीत दोन खड्डे पाडले. एकात रोग्याचे सीरम घातले, दुसऱ्यात जंतूचा अर्क. दोन्ही आगरात झिरपत एकमेकांकडे येतात आणि ओळख पटली तर मध्ये पांढरी रेघ उमटते. रेघ नाही, तर ओळख नाही. अडाण्यासही वाचता यावा असा हा निकाल.

१९७७ साली इंग्लंडात लेन व वॉर्नॉक यांनी कुत्र्याच्या नाकातील ॲस्परजिलससाठी या पांढऱ्या रेघेचा उपयोग सांगितला. त्यानंतर वेळोवेळी पडताळणी झाली. २००७ साली कॅलिफोर्नियात झालेल्या पडताळणीत असे दिसले की रेघ उमटली तर तिच्यावर जवळजवळ निःशंक विश्वास ठेवावा. कारण निरोगी अगर दुसऱ्या रोगाच्या कुत्र्यांत ती फारशी उमटत नाही. परंतु खरोखर रोग असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांतच ती उमटली. म्हणजे तीन रोग्यांत एक निसटतो.

मग वाघ्याचे रक्त 'नाही' का म्हणाले? त्याची परीक्षा या रेघेची नव्हती. ती त्याहून नव्या तऱ्हेची होती. १९८६ साली अमेरिकेत व्हीट यांनी हिस्टोप्लाझ्माच्या रोग्यांबाबत निराळा विचार केला. शेजाऱ्यांस विचारत बसण्यापेक्षा गुन्हेगाराच्या अंगावरचा चिंधा का शोधू नये? बुरशीच्या कवचाचे तुकडे रक्तात व लघवीत वाहून येतात, त्यांसच पकडावयाचे. हा मुद्देमालाचा पुरावा. ब्लास्टोमायसिस नावाच्या बुरशीरोगात कुत्र्यांवर याची २००८ साली परीक्षा झाली, तेव्हा १०० पैकी ९० हून अधिक आजारी कुत्र्यांच्या लघवीत आणि ८७ च्या सुमारास कुत्र्यांच्या रक्तात हा मुद्देमाल सापडला. त्याच कुत्र्यांत आगराची जुनी रेघ २० जणांतही उमटली नाही. त्या रोगात रक्ताहून लघवीची साक्ष बळकट ठरली, हे रक्तावर व्याख्यान देत असताना कबूल केले पाहिजे. पण ती बुरशी अंगभर पसरणारी आहे. वाघ्याची बुरशी नाकाच्या कोठडीत कोंडलेली होती. तिचा चिंधा रक्तात क्वचितच वाहून येतो. आजारी नाकाच्या कुत्र्यांत ही परीक्षा चारांपैकी तीन वेळा चुकते, असे पडताळणीत दिसले आहे. म्हणजे रक्त खोटे बोलले नव्हते. ज्याने काही पाहिलेच नाही अशा साक्षीदारास आम्ही पिंजऱ्यात उभे केले होते. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, 'मला ठाऊक नाही,' आणि आम्ही ऐकले, 'गुन्हा घडला नाही.'

बंधुभगिनींनो, कामगार न्यायालयात ही चूक आम्ही कितीतरी वेळा पाहिली आहे. कापसाच्या धुळीने छाती भरलेल्या कामगाराच्या कागदावर 'काही आढळले नाही' असे लिहून येते आणि त्याचा अर्थ 'काही झाले नाही' असा लावला जातो. कापसाच्या धुळीचा छातीचा रोग हा २०२५ पर्यंत लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य रोग म्हणून होता. परंतु यादीत असणे निराळे आणि पुराव्यात उतरणे निराळे. कोणती परीक्षा केली, ती या रोगासाठी होती काय, किती वेळा केली, हे विचारणारा माणूस हजर नसतो. म्हणून 'नाही' या एका शब्दावर कुटुंबे परत जातात.

अकोल्याच्या त्या डॉक्टरांनी पहारेकऱ्यास विचारलेल्या चार प्रश्नांतला एक असा होता : "हा झोपतो कोठे?" पहारेकरी म्हणाला, "माझ्यापाशी. सरकीच्या पोत्यांच्या मागे, ओल धरलेल्या भिंतीशी." डॉक्टरांनी मग त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आणि तुला खोकला किती दिवस आहे?" कुत्र्याच्या नाकातली ही बुरशी कुत्र्याकडून माणसास लागत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, वाघ्याचा कोणी दुस्वास करू नये. परंतु दोघे एकच हवा ओढत होते. वाघ्याच्या नाकात गुंगीखाली औषध भरले, पुन्हा एकदा भरावे लागले, आणि रक्त थांबले. शिंका मात्र त्यास शेवटपर्यंत येत. पहारेकऱ्याची थुंकी तपासली. क्षय निघाला नाही. आम्ही कारखान्याकडे मागणी लावली की पहारेकऱ्याची झोपण्याची जागा गोदामाबाहेर काढावी आणि सरकी हलविताना तोंडास फडके नव्हे तर योग्य मुखवटा द्यावा. चार महिने पत्रव्यवहार चालला. फाटकाजवळ एक खोली मिळाली. मुखवट्याचे काम अर्धेच झाले. त्याचा खोकला पुढे कमी झाला. तो खोली बदलल्याने की हंगाम संपल्याने, हे आम्ही ठामपणे सांगणार नाही. नुकतेच साक्षीपुराव्यावर एवढे बोलून झाल्यावर तसे सांगणे शोभणार नाही.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या तालुक्यात तांड्यांवर, वाड्यांवर, शेताच्या राखणीस कुत्रे आहेतच. रामनवमीस पोहरादेवीकडे निघालेल्या पायी मंडळींबरोबरही ते चालताना दिसतात. त्यांच्या अंगावर गोल चट्टे पडून केस झडले, म्हणजे ज्यास आपण गजकर्ण म्हणतो तसे दिसले, तर रक्त काढण्याचा आग्रह धरू नये. त्यासाठी केस आणि खपली सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. असा चट्टा मात्र माणसास लागू शकतो, लहान मुलांस विशेष. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा घट्ट शेंबूड आला, नाकपुडीची कातडी पांढरी पडली, आणि सुयांनी तात्पुरता गुण येऊन पुन्हा उलटले, तर डॉक्टरांस बुरशीबद्दल आपण होऊन विचारावे. कुत्रा कोठे झोपतो, कोठे हुंगतो, हे न विचारता सांगावे. रक्ताची परीक्षा झाली तर कागदावर परीक्षेचे नाव लिहून घ्यावे. 'होय' आले तर जुने भांडण की चालू भांडण हे पाहण्यास काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे लागेल काय, हे विचारावे. 'नाही' आले तर ही परीक्षा या जागेच्या रोगात किती वेळा चुकते, हे विचारावे. डॉक्टर रागावत नाहीत. चांगले डॉक्टर तर खूश होतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि एक मागणी, कारण मागणीवाचून आमचे भाषण संपत नाही. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालापासून आहे. २००० सालापासून पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठही तेथेच आहे. अकोल्यास पदव्युत्तर संस्था आहे. विद्या आपल्यापासून फार लांब नाही. लांब आहे तो मधला रस्ता. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून काढलेला रक्ताचा नमुना बर्फाच्या पेटीत घालून ठरल्या वाराला अकोल्यास पोहोचावा आणि निकालाचा कागद परत यावा, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ झाले. तिचा उपयोग कुत्र्यापेक्षा गायी-बैलांस व शेळ्यांस अधिक होईल, आणि त्यांच्यामागून माणसांस. या मागणीचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. तो दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना ज्यांस पटेल त्यांनी सही करावी. ज्यांस पटणार नाही त्यांनी न पटण्याचे कारण आम्हांस थांबून सांगावे, आम्ही शेवटच्या माणसापर्यंत येथेच आहोत.